पोलादाची भूक कुणाची?

एम.ए.च्या वर्गात आम्हांला शिकवले होते की पोलादाची मागणी ही परोक्ष मागणी असते. पोलादासाठी पोलाद कुणी घेत नाही; घर, पूल, पंप, सायकल हवी असते म्हणून पोलाद लागते. हे साधे सूत्र आपण प्रशासनात फार लवकर विसरतो.

सन २००० मध्ये चीन सुमारे १३ कोटी टन कच्चे पोलाद तयार करीत असे. २०२० साली तो आकडा १०० कोटींच्या पुढे गेला. 'जागतिक मागणी' म्हणून आपण जिचा गौरव केला, ती मुख्यतः एका देशाच्या वाढत्या शहरांची भूक होती. २०२१ नंतर तेथील घरबांधणी मंदावली; भट्ट्या मात्र राहिल्या. परिणामी २०२४ मध्ये चीनने ११ कोटी टनांवर पोलाद निर्यात केले. यापुढे जगाची एकूण मागणी संथच राहील आणि जी वाढ होईल तिचा मोठा वाटा भारताचा असेल, असे मला वाटते.

पण ही वाढ आपोआप होणारी नाही. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ साठी ३० कोटी टन क्षमतेबरोबर दरडोई १६० किलो वापराचेही लक्ष्य ठेवले. आज आपला दरडोई वापर १०० किलोच्या आसपास आहे. जागतिक सरासरी २०० किलोंहून अधिक. तरीही भाषणांतून ऐकू येते ती केवळ क्षमता.

एप्रिल २०२५ मध्ये भारताने काही सपाट पोलादी उत्पादनांवर १२ टक्के तात्पुरते संरक्षण शुल्क लावले. स्वस्त आयातीचा लोंढा पाहता ते अनाठायी नव्हते. मात्र अशा विषयांचे कागद वाचताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. उत्पादकांचे निवेदन आकडेवारीने सजलेले असते. फरिदाबादमध्ये पत्र्याचे सुटे भाग करणाऱ्या किंवा लुधियानात सायकलीचे भाग बनविणाऱ्या लघुउद्योजकाचे निवेदन बहुधा नसतेच. महाग पत्र्याचा भार मात्र प्रथम त्याच्यावर पडतो, आणि उद्याची मागणी निर्माण करणाराही तोच आहे.

म्हणून संरक्षण द्यावे, पण मुदतीने द्यावे, आणि त्याच टिपणीत लहान वापरकर्त्यावरील परिणामाचा हिशेब मांडावा. तो निवेदन घेऊन येत नसेल, तर त्याच्यापर्यंत जाणे हे आपले काम आहे. भट्ट्या भांडवलाने उभ्या राहतात. मागणी मात्र माणसांच्या ऐपतीतूनच येते.