मराठी पाटीने हसायचंच नाही का?

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने भूगावकडे या आणि पाट्या वाचत चला. कॅफे, केक शॉप, प्लेस्कूल... इंग्रजी नाव कसं? गोलमटोल, गुबगुबीत, रंगीत. आणि शेजारचं मराठी नाव? कॉम्प्युटरने जो फॉन्ट पुढे केला त्यात, तहसील कचेरीच्या नोटिशीसारखं. एकाच दुकानाची दोन नावं, एक पार्टीला निघालंय आणि दुसरं साक्ष द्यायला कोर्टात!

कारण उघड आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत असंही ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. कायद्याने अक्षरांचा आकार मोजला. रूप कोण मोजणार?

डिझायनर मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं, "मराठीत तसे फॉन्टच नाहीयेत हो." २००५ साली हे ऐकून घेतलं असतं. तेव्हा चांगले फॉन्ट विकत घ्यावे लागायचे, आणि युनिकोडच्या नावाने बोंबच. आता ही शुद्ध थाप आहे राव. मुंबईच्या एक टाइपने २०१५ मध्ये 'मोदक' आणला. इतका जाडजूड, की अक्षरांच्या आतल्या पोकळ्यांच्या नुसत्या बारीक फटी उरतात, आणि तरी नाव वाचता येतं. पाठोपाठ 'बलू' आला, तोही जाड, गोल टोकांचा. त्याची भावंडं तर बघा: तमिळ 'तंबी', पंजाबी 'पाजी', बंगाली 'दा'. 'बलू २' पाच जाडींत मिळतो. सगळं मुक्त परवान्याखाली, फुकट! इंग्रजीत छोटी-मोठी मिळून बावन्न अक्षरं. इथे काना-मात्रा आणि शेकडो जोडाक्षरं. कुणीतरी ती मेहनत घेऊन ठेवलीये, आणि आपण डाउनलोडसुद्धा करत नाही.

दुसरा आक्षेप, "मराठी बालिश दिसते." म्हणजे इंग्रजी गोल झाली की कूल, आणि मराठी गोल झाली की बालिश? मराठीने कायम पोथी किंवा परिपत्रकच व्हायचं का?

आता उलट टोकाचे उत्साही लोक. मोदकात लग्नपत्रिकेचा अख्खा मजकूर बसवू नका, प्लीज. मोबाईलवर त्या फटी बुजतात आणि 'शुभमुहूर्त'चा शेंगदाण्याचा लाडू होतो. मोदक नावापुरता, तोही मोठ्या आकारात. खालच्या ओळींना एक टाइपचाच साधा 'मुक्त' आहे. आणि बारीक फॉन्टवर बोल्डचं बटण दाबून जाडी आणणं बंद करा. फॉन्टमध्ये खरा बोल्ड नसला की सॉफ्टवेअर कडा नुसत्या फुगवतं, आणि 'क्ष' 'द्ध' गुदमरतात. दवाखान्याला अर्थात मोदक नकोच. पण प्लेस्कूलला?

पुढच्या वेळी कुणी "फॉन्ट नाहीये" म्हणालं, तर त्याच्यासमोर मोबाईलवर डाउनलोड करून दाखवा. आणि तेवढे पैसे बिलातून कापा.