विश्लेषण : मालवणच्या प्रवाळांना पर्यटकांचा भार पेलवेल का?

दिवाळीची सुट्टी लागली की मालवण, तारकर्ली, देवबागचे रस्ते मुंबई-पुणे-कोल्हापूरच्या गाड्यांनी भरून जातात. स्कूबा डायव्हिंग आणि स्नॉर्केलिंग हे त्यातले मोठे आकर्षण. मात्र सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र हे संरक्षित अभयारण्य आहे, याची कल्पना पाण्यात उतरणाऱ्या अनेकांना नसते.

हे अभयारण्य नेमके कुठे?

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झाले. क्षेत्रफळ सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर. त्यापैकी ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र असून त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक येतात. याच खडकांवर प्रवाळ वाढतात आणि त्यांच्या आधाराने माशांची पिल्ले मोठी होतात. मालवणच्या बाजारात येणाऱ्या मासळीचे नातेही या खडकांशी आहे.

कायदा काय सांगतो?

हे अभयारण्य वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येते. अभयारण्यात पर्यटनासाठी परवानगी देण्याची तरतूद या कायद्यात आहे, म्हणजे पर्यटनाला सरसकट बंदी नाही. मात्र कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजेच वाघाच्या रांगेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील जिवांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा बॅगेत टाकणेही त्यामुळे महागात पडू शकते.

मग बिघडते कुठे?

प्रवाळ तोडून नेणाऱ्याला कायदा पकडू शकतो. चुकून लाथ मारणाऱ्याचे काय, हा खरा प्रश्न आहे. मालवणला येणारे बहुतेक पर्यटक प्रशिक्षित डायव्हर नसतात, अनेकांना पोहताही येत नाही. प्रशिक्षक त्यांना धरून काही मीटर खाली नेतो, व्हिडीओ काढतो आणि वर आणतो. घाबरलेला माणूस मिळेल तो खडक पकडतो, त्यावर पाय टेकतो. पायांच्या हालचालीने तळाची माती उठते आणि प्रवाळांवर बसते. प्रवाळाच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. मातीचा थर बसला की तो प्रकाशच अडतो. बोटीचा नांगर खडकावर पडला, तर एका फटक्यात मोठा तुकडा निघतो.

हिशेब सोपा आहे. मालवणला आढळणारे पोराइट्स जातीचे प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. वीतभर उंचीचा प्रवाळ मोडला, तर तो पुन्हा तेवढा व्हायला वीसेक वर्षे लागतात. मोडायला एक क्षण पुरतो.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच विषयावर होता. हौशी डायव्हिंगमुळे या अभयारण्यातील प्रवाळांची मोडतोड होत आहे आणि त्याची जबाबदारी कोणावरच नाही, हे त्यांनी दाखवून दिले. समुद्र तापल्याने प्रवाळ पांढरे पडण्याच्या घटनाही येथे नोंदल्या गेल्या आहेत. उष्णतेने आधीच अशक्त झालेला प्रवाळ मोडल्यावर सावरणे आणखी कठीण असते.

स्थानिकांचे म्हणणे काय?

अभयारण्याची घोषणा झाली तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. रापण आणि होडीवर जगणाऱ्यांना समुद्रच बंद होईल, ही त्यांची भीती होती. पुढे त्यांच्यापैकी अनेक घरे पर्यटनाकडे वळली : कोणी न्याहारी-निवास काढला, कोणी बोट घेतली, कोणाचा मुलगा डायव्हिंग शिकला. म्हणजे आता हे खडक त्यांचे भांडवल आहे. ते मोडले तर मासळी आणि पर्यटक दोन्ही जातील. पर्यटक पुढच्या सुट्टीला दुसरीकडे जाईल, मच्छीमाराला तो पर्याय नाही.

इतरत्र काय केले?

हवाईतील हनौमा बे येथे पाण्यात उतरण्याआधी माहितीपट पाहणे सक्तीचे आहे. तेथे परदेशी आणि परगावच्या पर्यटकांना आगाऊ नोंदणी करावी लागते आणि आठवड्यातून दोन दिवस किनारा बंद असतो. थायलंडने माया बे हा किनारा २०१८ मध्ये बंद केला आणि जानेवारी २०२२ मध्ये मर्यादित संख्येने खुला केला. आपल्याकडे निवृत्त नौदल जहाज ‘आयएनएस गुलदार’ निवती रॉकजवळ बुडवून कृत्रिम प्रवाळभिंत उभारण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. त्याने नैसर्गिक खडकांवरची गर्दी विभागू शकेल. पण एका खडकावर एका दिवसात किती जण उतरतात, हे मोजून त्यावर मर्यादा घातल्याशिवाय आणि नांगराऐवजी कायमचे बोये बसवल्याशिवाय मूळ प्रश्न सुटणार नाही.

पर्यटकांनी काय पाहावे?

सर्वांत कमी पैसे सांगणारा शोधू नका. एका प्रशिक्षकामागे किती जण, बोट नांगर कुठे टाकते, खाली जाण्याआधी किनाऱ्यालगत सराव देणार का, हे विचारा. लाइफ जॅकेट आणि बोटीची क्षमता पाहा. मे २०२२ मध्ये तारकर्लीला डायव्हिंगच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. पाण्यात कशालाही हात लावू नका. माशांना पाव-बिस्किटे टाकून फोटो काढण्याचा आग्रह धरू नका. पोहता येत नसेल आणि भीती वाटत असेल, तर कर्ली नदीच्या खाडीत कयाक चालवा किंवा वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या वल्हवत्या होडीतून कांदळवन पाहा. समुद्र तिथेही भेटतो आणि पायाखाली काही मोडत नाही.