अवतरण आखडताना

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की शाळाशाळांतून निबंध लिहविले जातात, आणि आमच्या घरांतील मुलेमुली त्यांत परमपूज्य बाबासाहेबांची वचने मोठ्या उमेदीने घालतात. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु वहीचे पान लहान आणि वचन लांब, म्हणून वाक्य मध्येच तोडले जाते. आणि तोडलेले वाक्य पुष्कळदा खुद्द वक्त्याविरुद्धच साक्ष देऊ लागते.

हा प्रकार किती घातक ठरतो हे राज्यसभेतील २ सप्टेंबर १९५३ च्या भाषणावरून दिसेल. आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना, संविधान जाळण्यास आपण प्रथम पुढे होऊ, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांनी काढले. विरोधक तेवढेच उचलतात. आमच्यापैकी काहीजण उलट ते उद्गार झाकूनच ठेवतात, तेही योग्य नव्हे. त्यांतील उद्वेग खरा होता. मात्र त्या भाषणाचा रोख अल्पसंख्याकांच्या संरक्षणाकडे होता, आणि त्यांना दुखविण्यानेच सर्वांत मोठी हानी होईल असे त्यांनी तेथेच बजावले होते. पुढे १९ मार्च १९५५ रोजी त्याच सभागृहात त्यांनी देवासाठी बांधलेल्या, पण देव येण्यापूर्वीच असुराने बळकावलेल्या मंदिराचा दृष्टांत देऊन आपले म्हणणे उलगडले. एका तुकड्यावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला यांतले काय कळणार?

मग अवतरण आखडूच नये काय? अवश्य आखडावे. त्रिपिटकातच त्याची रीत आहे. पाली ग्रंथांत तोच मजकूर पुनः येतो तेव्हा ‘पे’, म्हणजे पेय्याल, असे लिहून तो गाळतात. येथे काही गाळले आहे हे वाचकापासून लपविले जात नाही. निबंधात तेच काम तीन टिंबे करतात. वाक्याच्या मधले शब्द गाळले तर त्या जागी तीन टिंबे द्यावीत. वाक्य पुरे करून पुढची वाक्ये गाळली, तर आधी पूर्णविराम आणि मग टिंबे. ‘ते’ म्हणजे कोण हे सांगण्यासाठी आपला शब्द घालावा लागला तर तो चौकटी कंसात घालावा. दोनचारच शब्द आपल्या वाक्यात गुंफले असतील तर अवतरणचिन्हे पुरेत. पण ‘नाही’, ‘परंतु’, ‘जर’, ‘तोपर्यंत’ यांना कात्री लावू नये. एवढ्याशा शब्दांवर माणसांचे हक्क टांगलेले असतात, हे कायद्याची कलमे वाचणाऱ्यास ठाऊक आहे.

टिंबांचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणातील काही भाग गाळण्याची सूचना केली, तेव्हा स्वल्पविरामही बदलणार नाही असे बाबासाहेबांनी कळविले. अधिवेशन रद्द झाले. भाषण मात्र अखंड छापून निघाले.

राज्यसभेतील वरील दोन्ही भाषणे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पंधराव्या खंडात आहेत. ज्या आईबापांना इंग्रजी येत नाही त्यांनी मूळ परिच्छेद आणि आखडलेले अवतरण, दोहोंचा अर्थ मुलाकडून तोंडी सांगवून घ्यावा, आणि फरक जाणवला की गाळलेले शब्द परत घालावयास लावावेत.