रक्त पडते, ते सांगा

मार्च हा आतड्याच्या कर्करोगाविषयीच्या जागृतीचा महिना. याच दिवसांत उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित पाहायला भिगवणला गाड्यांची रीघ लागते. या आजाराविषयी मात्र गावात कुणी तोंड उघडत नाही. परसाकडे रक्त पडले तर माणूस घरातही सांगत नाही. मूळव्याध समजून तिखट सोडतो, कुणी सुचवलेली पुडी घेतो आणि दुखणे अंगावर काढतो.

म्हणूनच शौचाच्या नमुन्यातील जिवाणूंवरून हा कर्करोग ओळखण्याचे संशोधन आम्हाला मोलाचे वाटते. 2012 मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतील दोन गटांना या कर्करोगाच्या गाठींत फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जिवाणू भरपूर आढळला. एरवी तो तोंडात, दातांवरच्या किटणात राहणारा. तो एकटा सापडला म्हणून काही सिद्ध होत नाही. पण असे अनेक जिवाणू एकत्र मोजले की रोग्याचा नमुना बराचसा वेगळा ओळखू येतो. इंग्लंडमधील लीड्सच्या संशोधकांनी भारत, व्हिएतनाम, चिली आणि अर्जेंटिनातून कार्डावर वाळवलेले नमुने मागवले. ही खूण श्रीमंत देशांतल्यासारखीच असल्याचे त्यांनी 2021 मध्ये दाखवले. बर्फाच्या पेटीशिवाय टिकणारा नमुना म्हणजे वाड्यावस्त्यांसाठी केवढी सोय!

तरी परक्यांची मोजपट्टी जशीच्या तशी लावू नये. भोपाळच्या आयसर या विज्ञान संस्थेला 2019 मध्ये भारतीय रोग्यांत फ्लॅव्होनिफ्रॅक्टर प्लॉटी हा जिवाणू ठळकपणे जास्त दिसला. पुण्यात योगेश शौचे यांच्या गटाने 2012 मध्ये दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्या तपासल्या, तर वयागणिक जिवाणूंचे प्रमाण बदललेले निघाले. मग इंदापूर-बारामतीच्या भाकरी खाणाऱ्या निरोगी माणसांची नोंदच नसेल, तर बिघाड ठरवायचा कशावरून? बार्शीत 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी गावोगाव फिरून चालते. निरोगी माणसांच्या जिवाणूंची नोंद करण्यासाठी बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने तो कित्ता गिरवावा.

जिवाणूंची चाचणी अजून नेहमीच्या वापरात नाही. आली तरी निदान दुर्बिणीनेच पक्के होईल. सरकारी तपासणीत तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख पाहतात, आतडे नाही. शौचातले छुपे रक्त दाखवणारी साधी चाचणी तरी ग्रामीण रुग्णालयात मिळाली पाहिजे. आणि वाचकहो, रक्त पडत असेल, पोटाची सवय बदलली असेल, वजन विनाकारण उतरत असेल, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना सांगा. मूळव्याध आहे की आणखी काही, हे त्यांना तपासून ठरवू द्या.