विश्लेषण : अलिबागच्या बंगल्यासाठी विणून घेतलेला गालिचा इतका महाग का? कोकणच्या हवेत तो टिकतो का?

मांडव्याची रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबईकरांसाठी अलिबाग आणखी जवळ आले. मांडवा, आवास, किहीम परिसरातील बंगल्यांसाठी दिवाणखान्याच्या मापाने आणि पसंतीच्या रंगात गालिचे विणून घेतले जातात. मात्र एकाच मापाच्या दोन गालिच्यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. तो कशामुळे? आणि समुद्राकाठी कोणता गालिचा घ्यावा?

ऑर्डरचा गालिचा बनतो कसा?

खोलीचे माप आणि रंग ठरल्यावर चौकटींचा आराखडा काढला जातो. त्यातील एक चौकट म्हणजे एक गाठ. नमुन्याचा तुकडा पसंत पडला की काम मागावर जाते. हे माग प्रामुख्याने उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर पट्टा, राजस्थान आणि काश्मीरमध्ये आहेत.

किंमत कशावर ठरते?

मुख्यतः गाठींवर. ८ बाय १० फुटांचा गालिचा म्हणजे ११,५२० चौरस इंच. प्रत्येक चौरस इंचात १०० गाठी धरल्या तर एकूण ११ लाख ५२ हजार गाठी होतात. एक विणकर दिवसाला ६,००० गाठी मारतो असे मानले, तर १९२ दिवसांचे काम झाले. चार जण एका मागावर बसले तरी ४८ दिवस. धुलाई, कातरणी आणि कडा बांधणे वेगळेच. गाठी दुप्पट केल्या की विणण्याचे दिवसही दुप्पट होतात.

‘हाताने बनवलेला’ म्हणजे गाठींचाच का?

नाही. ‘हँड-टफ्टेड’ गालिच्यात हातातल्या यंत्राने कापडात धागा घुसवतात आणि मागून लॅटेक्सचा गोंद लावून दुसरे कापड चिकटवतात. काम लवकर होते, म्हणून तो स्वस्त पडतो. ओळखायचे असेल तर गालिचा उलटा करावा. गाठींच्या गालिच्यात मागेही नक्षी आणि एकेक गाठ दिसते. टफ्टेडच्या पाठीवर सपाट कापड असते.

कोकणच्या हवेत काय होते?

अलिबागला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यात सप्ताहअखेरचे घर पाच दिवस बंद. दमट हवेत लॅटेक्स लवकर खराब होऊन त्याचा भुगा पडू लागतो, वासही येतो. ‘बांबू सिल्क’ म्हणून विकला जाणारा धागा बहुधा व्हिस्कोस असतो; पाणी सांडले की त्यावर डाग राहतो. लोकर ओलावा शोषते आणि सोडते, त्यामुळे ती त्यामानाने बरी. पण बंद, अंधाऱ्या खोलीत तिला कसर लागते आणि फार काळ ओल राहिली तर आतले सुती धागे कुजतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी गालिचा उन्हात झटकून, सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच ठेवावा. प्लास्टिकमध्ये बांधू नये, ओल आतच कोंडते.

विणकराच्या हाती किती पडते?

विणकराला बहुतेक ठिकाणी विणलेल्या कामानुसार मजुरी मिळते. भारतीय गालिच्यांचा मोठा हिस्सा निर्यात होतो आणि अमेरिका हा सर्वांत मोठा ग्राहक. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा या पट्ट्याला जबर फटका बसला. अशा वेळी देशातली एकेक ऑर्डर मोलाची ठरते. बालमजुरीमुळे हा व्यवसाय बदनाम झाला होता. त्यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये ‘रगमार्क’ हे प्रमाणपत्र आले, आज ते ‘गुडवीव्ह’ या नावाने ओळखले जाते.

मग ग्राहकाने काय करावे?

तयार गालिचा घेताना मागचे फारसे विचारता येत नाही. ऑर्डर देताना येते. चौरस इंचाला गाठी किती, धागा कोणता, काम कोणत्या गावात होणार आणि विणकराला मजुरी किती, हे चार प्रश्न आगाऊ रक्कम देण्याआधी विचारावेत आणि उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत. बजेट कमी असेल, तर टफ्टेडपेक्षा सोलापूरची सुती सतरंजी किंवा धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदचा जमखाना समुद्राकाठच्या घराला अधिक सोयीचा. त्यात गोंद नसतो, आणि ओल आली तर उन्हात टाकून लवकर वाळवता येतो.