पाण्याचा घोटही ठरत नाही तेव्हा...

दसऱ्याच्या दिवसांतले म्हैसूर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तिथल्या रोषणाईइतकाच तिथला वास आठवतो. देवराज मार्केटमधले फुलांचे ढीग, घरोघरी दरवळणाऱ्या उदबत्त्या, चंदनाचा साबण आणि भल्या पहाटेपासून स्वयंपाकघरात उतरणारी फिल्टर कॉफी. बाहेरून आलेला माणूस या वासांवर खूश होतो. माझी मामेबहीण मात्र दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्यात याच शहरात, कुवेंपुनगरमधल्या भाड्याच्या घरात, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून रडत होती. तिला दिवस गेले होते. सातवा आठवडा होता आणि दिवसातून बारा-पंधरा वेळा उलटी होत होती.

नवऱ्याची बँकेतली बदली, त्यामुळे सांगली सोडून म्हैसूरला येऊन जेमतेम पाच महिने झालेले. भाषा येत नाही, ओळखीचे कुणी नाही. शेजारच्या घरात सकाळी हिंगाची ओगरणे, म्हणजे आपली फोडणी, पडली की हिच्या पोटात ढवळायला सुरुवात. खिडकी बंद केली तर आतल्या उदबत्तीचा वास कोंडायचा. “ताई, मला माझ्या साबणाचासुद्धा वास सहन होत नाही गं,” असे ती फोनवर म्हणाली तेव्हा मला थोडे हसूच आले होते. त्याची खंत मला अजून आहे.

कारण हसलो आम्ही सगळेच. मामी म्हणाली, “मलाही तुझ्या वेळी असंच झालं होतं, सगळ्यांनाच होतं.” सासूबाईंनी डिंकाचे लाडू पाठवले आणि रोज सकाळी केशर घातलेले दूध घ्यायची आज्ञा केली. ते दूध पोटात पाच मिनिटेही ठरायचे नाही. नवरा बिचारा घाबरलेला, पण त्याच्या तोंडी एकच वाक्य, “तू मनावर घेऊ नकोस.” ज्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घातले होते, त्यांनीही “पहिलटकरणींचं मन हळवं असतं,” म्हणून वाटेला लावले. तीन आठवड्यांत तिचे वजन ५१ किलोवरून ४७ वर आले.

शेवटी शेजारच्या अज्जींनी हे थांबवले. कन्नड अज्जी आणि मराठी सूनबाई यांच्यात बोलणे होणार ते मोडक्या हिंदीत. पण वांती हा शब्द दोन्ही भाषांत एकच! अज्जींनी तिचे ओठ पाहिले, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि विचारले, “आज लघवीला किती वेळा गेलीस?” हिला आठवेना. सकाळी एकदा गेली होती बहुतेक, आता दुपारचे चार वाजले होते. अज्जींनी रिक्षा बोलावली.

मैत्रिणींनो, हा एक प्रश्न प्रत्येक घरात विचारला गेला पाहिजे. गरोदरपणात मळमळ आणि उलट्या बहुतेक बायकांना होतात, दहापैकी सात-आठ जणींना तरी. साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात, नवव्याच्या आसपास जोर धरतात आणि बहुतेकींच्या बाबतीत चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतात. ‘सकाळची मळमळ’ हे नावच मुळी फसवे आहे, कारण ती दिवसभर, रात्रीसुद्धा असते. पण शंभरातल्या एक ते तीन जणींचे प्रकरण याच्या फार पुढे जाते. त्याला आपल्याकडे ‘डोहाळे कडक लागले’ असे म्हणतात आणि विषय तिथेच संपवतात. प्रत्यक्षात हा आजार आहे, त्याला डॉक्टरी नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत.

मग ‘पुढे गेले’ हे ओळखायचे कसे? चोवीस तासांत पाण्याचा घोटही ठरला नाही, सात-आठ तासांत लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी होऊ लागली, उभे राहिले की भोवळ येते, गरोदरपणाआधीच्या वजनापैकी शंभरी पाच भाग वजन उतरले (५० किलोच्या बाईचे अडीच किलो), तर वाट पाहायची नाही. उलटीत रक्त दिसले, ताप आला, पोटात दुखू लागले किंवा लघवीला जळजळ झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नववा आठवडा उलटून गेल्यावर पहिल्यांदाच उलट्या सुरू झाल्या तरी त्या डोहाळ्यांच्या नावावर खपवू नयेत, कारण वेगळे असू शकते. डॉक्टर सोनोग्राफीही करतात; जुळी असतील तर त्रास जास्त होतो, आणि क्वचित गर्भाऐवजी वारेचीच विकृत वाढ झालेली असते, ती वेळेवर कळावी लागते.

माझ्या बहिणीच्या लघवीत किटोन सापडले. म्हणजे शरीराला अन्न मिळेना, म्हणून ते स्वतःचीच चरबी जाळत होते. तिला दोन दिवस सलाइन लावले आणि त्याआधी ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले. हे इंजेक्शन मुद्दाम सांगते आहे. बरेच दिवस उलट्या झालेल्या बाईच्या शरीरातले ब-१ संपत आलेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले, तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. ‘एक बाटली लावून आणू’ म्हणून कुठेही नेऊन चालत नाही ते यासाठीच.

आता औषधांची भीती. गरोदरपणात गोळी घ्यायची म्हटले की घरात सगळे दचकतात आणि या दचकण्यामागे इतिहास आहे. १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे औषध बाजारात आले. झोपेसाठी आणि गरोदर बायकांच्या मळमळीसाठी ते सर्रास दिले गेले आणि जगभर हजारो मुले अधू हातापायांची जन्मली. १९६१च्या अखेरीस ते मागे घेण्यात आले. त्या घटनेची सावली पुढे निरुपद्रवी औषधांवरही पडली. डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्व यांची एकत्र गोळी अमेरिकेत लाखो बायकांनी घेतली होती. तिच्यामुळे बाळात दोष येतात असा पुरावा मिळाला नाही, तरी खटल्यांना कंटाळून कंपनीने १९८३ मध्ये ती बंद केली. हीच जोडी २०१३ मध्ये तिथे पुन्हा मंजूर झाली. आपल्याकडेही डॉक्टर ती लिहून देतात. तिने थोडी गुंगी येते एवढेच. ती पुरली नाही तर पुढची औषधेही आहेत. केमिस्टला विचारून काही घेऊ नका, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी सासूबाईंच्या भीतीपोटी कपाटातही ठेवू नका.

आणि ‘मनाचे खेळ’? मार्लेना फेझो या अमेरिकन संशोधिकेने स्वतः हा आजार भोगला. १९९९ मध्ये त्यात तिचे बाळ गेले. तिचे दुखणेही तेव्हा कुणी मनावर घेतले नव्हते. मग तिने आयुष्यच या शोधाला वाहिले. २०२३च्या डिसेंबरमध्ये तिचे आणि केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली यांचे संशोधन ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आले. गर्भ आणि वार यांच्याकडून जीडीएफ-१५ नावाचे एक संप्रेरक आईच्या रक्तात येते आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चेतवते. ज्या बाईच्या रक्तात गरोदरपणाआधी हे संप्रेरक फारच कमी असते, तिला त्याची सवय नसते आणि अचानक वाढलेली मात्रा तिला झेपत नाही. म्हणजे दोष तिच्या हळवेपणाचा नाही, रक्ताचा आहे! आईला किंवा बहिणीला असा त्रास झाला असेल तर आपल्यालाही होण्याची शक्यता जास्त, हेही यात जुळते. मामीचे ‘मलाही झालं होतं’ हे वाक्य खरे तर धोक्याची सूचना म्हणून ऐकायला हवे होते.

दवाखान्यातून घरी आल्यावर प्रश्न उरला खाण्याचा. म्हैसूर हे गाव खाण्याच्या अभ्यासाचे. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था तिथे १९५० पासून आहे, सैन्याच्या खाण्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळाही तिथेच. पण माझ्या बहिणीला मार्ग दाखवला तो अज्जींच्या गार भाताने. मोसरन्न, म्हणजे आपला दहीभात, पण फोडणीशिवाय आणि चांगला गार केलेला. गरम अन्नाची वाफ येते आणि वाफेबरोबर वास येतो. गार अन्नाला वास कमी. हे कळल्यावर निम्मे काम झाले. इडली कोरडी आणि गार, चटणीऐवजी चिमूटभर साखरेबरोबर. नंजनगूडची रसबाळे केळी, तीही अर्धेच केळे एका वेळी. कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे, उशाशी डब्यात. डोळे उघडले की उठायच्या आधी चार दाणे चघळायचे आणि पंधरा-वीस मिनिटांनी सावकाश उठायचे.

आपल्याकडच्या साळीच्या लाह्या विसरू नका. लाह्या पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून चवीपुरते मीठ-साखर घालून चमच्याचमच्याने घ्यायचे. तिला साधे पाणीच नकोसे व्हायचे. तेव्हा लिंबाच्या सरबताचे बर्फाचे खडे करून ते चोखायला दिले. त्यानेही चांगला उपयोग झाला. एक पथ्य कटाक्षाने पाळा: खाणे आणि पिणे एका वेळी नको, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. पोट रिकामेही ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. दर दीड-दोन तासांनी दोन घास. आल्याचा उपयोग होतो, तोही सौम्य त्रासात. सुंठ घेतलीत तर दिवसभरात मिळून सुमारे एक ग्रॅम पुरे. आलेपाकाची वडी चघळली तरी चालेल. मात्र दिवसाला दहा-बारा उलट्या होत असतील तर आले-लिंबात वेळ दवडू नका.

उलटी झाल्यावर लगेच दात घासू नयेत, आम्लाने दातांवरचे कवच मऊ झालेले असते. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि ब्रश तासाभराने करावा. लोहाच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर डॉक्टरांना तसे सांगा. पहिले तीन महिने ती पुढे ढकलता येते. फॉलिक अ‍ॅसिडची छोटी गोळी मात्र रात्री झोपताना का होईना, घेत राहावी.

सासूबाईंना सगळ्यात मोठी काळजी होती ती ‘बाळाच्या पोटात काय जाणार’ याची. ही काळजी खरी आहे आणि तिला उत्तरही आहे. बाराव्या आठवड्यात बाळ सुमारे १४ ग्रॅमचे असते. त्याला या काळात लागणारे अन्न इतके थोडे असते की आईच्या अंगच्या साठ्यातून ते भागते. पहिल्या तीन महिन्यांत दूध-तूप-सुका मेवा जबरदस्तीने कोंबण्यात काहीच हशील नाही. या दिवसांत जे ठरेल ते खावे. नुसता भात ठरला तर नुसता भात! त्रास अतिशय लांबला आणि वजन उतरतच राहिले तर बाळाच्या वजनावर परिणाम होतो. म्हणूनच उपचार वेळेवर हवेत.

पोषणाची खरी भरपाई नंतर करायची असते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ ते १९९६ या काळात गरोदर स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला, केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली. मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत ज्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे अंगाने अधिक भरलेली निघाली. नुसत्या जास्त उष्मांकाने तो फरक दिसला नाही. म्हैसूरच्याच होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९९७-९८ मध्ये नाव घातलेल्या गरोदर स्त्रियांचाही असाच अभ्यास झाला. त्यात शंभरातल्या ४३ जणींमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. शाकाहारी घरांत हे फार होते. तेव्हा उलट्या थांबल्या की दही-ताक, पनीर आणि चालत असेल तर अंडे, यांच्याकडे लक्ष द्या. ब-१२ची तपासणी करून घ्यायला डॉक्टरांना जरूर सांगा.

नवरेमंडळींनाही दोन शब्द. माझ्या मेव्हण्याने त्या दोन महिन्यांत घरात कॉफी केली नाही, उदबत्ती लावली नाही, स्वतःसाठी बिनवासाचा साबण आणला आणि तिच्या लघवीची आणि वजनाची नोंद कॅलेंडरवर ठेवली. ‘मनावर घेऊ नकोस’ हे वाक्य त्याने टाकून दिले. पुढे मामी रेल्वेने म्हैसूरला पोचली ती डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊनच. तो अज्जींच्या नातवंडांनी संपवला.

सतराव्या आठवड्यात एका दुपारी बहिणीचा फोन आला. आवाज अजून खोल होता, पण हलका वाटला. “ताई, आज अज्जींच्या घरून ओगरणेचा वास आला आणि मला चक्क भूक लागली. दार वाजवून सार मागून आणलं. अर्धी वाटी प्यायले.”

“आणि?”

“संध्याकाळी उलटी झाली. पण एकदाच.”