भविष्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

आंबेडकरी घरातले पुस्तकांचे कपाट उघडा. बाबासाहेबांचे खंड असतील, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' असेल, फुल्यांचे समग्र वाङ्मय असेल, दलित आत्मकथने असतील. वकिलाचे घर असेल तर कायद्याच्या जाडजूड पुस्तकांची भर. विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा मात्र बहुधा सापडणार नाही. म्हणूनच आम्ही या वर्षासाठी एक संकल्प केला आहे. महिन्याला एक याप्रमाणे बारा विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचायच्या. कार्यकर्ते मित्र विचारतात, "वकीलसाहेब, अत्याचाराच्या केसेस तुंबलेल्या असताना परग्रहावरच्या गोष्टी वाचायला वेळ कुठला?" प्रश्न रास्त आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

या देशात कल्पित कथा कधीच निव्वळ करमणूक नव्हती. कोण मुखातून जन्मला आणि कोण पायातून, ही कल्पित कथाच! तिच्याच जोरावर आमच्या पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवल्या गेल्या. महात्मा फुल्यांनी हे नेमके ओळखले. १८७३ साली 'गुलामगिरी'त त्यांनी अवतारकथांची उलटतपासणी घेतली. मत्स्यावतार म्हणजे समुद्रावरून होड्यांतून आलेली टोळी आणि वामन म्हणजे बळीराजाचे राज्य बुडवणारा, असा अर्थ त्यांनी लावला. भाकडकथा म्हणून त्यांनी ती बाजूला सारली नाही. आत शिरून तिची बाजू पालटली. अद्भुतकथा कशी वाचावी, हा धडा आमच्या घरातच आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनीही हेच केले. ऑक्टेव्हिया बटलर यांचे वडील बूटपॉलिश करीत, आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जाई. त्यांची 'किंड्रेड' ही कादंबरी १९७९ साली आली. १९७६ सालच्या कॅलिफोर्नियातील शिकलेली काळी स्त्री अचानक गुलामगिरीच्या काळातील मेरीलँडमध्ये खेचली जाते. पुन्हा पुन्हा! तिथे तिचे शिक्षण, तिचे लेखन कामाचे नाही. चाबूक सर्वांना सारखाच. इतिहासाच्या पुस्तकात वाचलेली गुलामगिरी आणि आपल्याच पाठीवर उठलेला वळ यांतला फरक ही कादंबरी दाखवते. आता आमच्या घरातील संगणक कंपनीत नोकरी करणाऱ्या, 'आता कुठे राहिलीय जात?' असे विचारणाऱ्या मुलीला कोणी लेखकाने २० मार्च १९२७ च्या महाडात नेऊन उभे केले तर? ती कादंबरी अजून कोणी लिहिली आहे का?

बटलर यांना १९९५ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्यांच्यामागून आलेल्या एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेने कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार २०१६, २०१७ आणि २०१८ असा सलग तीन वर्षे घेतला. प्रस्थापितांच्या अंगणात त्यांनी जागा मागितली नाही, ती मिळवली.

मराठीतही विज्ञानकथेची परंपरा आहे. मे २०२५ मध्ये निधन पावलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी ती घराघरांत नेली. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत वामन नावाचा यंत्रमानव आहे. 'गुलामगिरी' वाचलेल्या वाचकाला हे नाव वेगळेच ऐकू येणार! आम्ही या कथा अशाच वाचणार आहोत, प्रश्न विचारीत. चंद्रावर वसाहत झाली, ठीक. तिथले गटार कोण साफ करतो? यंत्रमानव आला, उत्तम. मग १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही आमची माणसे गटारात गुदमरून का मरतात? ज्या भविष्यात हा प्रश्नच येत नाही, ते भविष्य कोणाचे?

वकिलीच्या भाषेत सांगायचे तर दाव्यात हकीकत असते, तशी शेवटी मागणीही असते. आमची आत्मकथने ही हकीकत आहे, आणि तिच्याइतका भक्कम पुरावा मराठीत दुसरा नाही. परंतु केवळ हकीकत सांगून हुकूमनामा मिळत नाही. आम्हाला काय हवे, ते लिहावे लागते. त्यासाठी जे अजून नाही, ते आधी डोळ्यांपुढे आणावे लागते. संत रविदासांनी बेगमपुरा पाहिला, तो कुठल्या नकाशावर नव्हता. २६ जानेवारी १९५० रोजी संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले, त्या दिवशी गावातले पाणवठे वेगळेच होते. कायदा आधी आला, गाव अजून त्याच्यामागून चालते आहे. कल्पनाशक्ती म्हणजे पलायन, असे म्हणणाऱ्यांनी हे कलम पुन्हा वाचावे.

दलित लेखकांनी या वाटेवर पाऊल टाकलेही आहे. चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने २०२४ साली जातिविरोधी विज्ञानकथांचा संग्रह इंग्रजीत काढला. मराठीत असा संग्रह का नसावा? दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर आमचा माणूस पोटाला चिमटा काढून पुस्तके विकत घेतो. तिथल्या स्टॉलवर चरित्रांशेजारी या पुस्तकांचीही एक रांग लागली पाहिजे. भाषांतरे झाली पाहिजेत. वस्तीतल्या वाचनालयांनी महिन्याला एक पुस्तक वाचून त्यावर चर्चा ठेवली, तर त्यातूनच उद्याचा लेखक निघेल.

ज्यांच्या पूर्वजांच्या नावे सातबारा नव्हता, त्यांनी जमिनीसाठी लढे दिले. उद्याच्या जगाची मोजणी आज सुरू आहे. तिथे आम्ही हजर नसलो, तर नोंद पुन्हा दुसऱ्याच्याच नावावर होईल. तेव्हा बंधू-भगिनींनो, बारा जमत नसतील तर तीन वाचा. पण या वर्षी वाचाच!